जावईबापू फुलेपर्यंत

आमच्या घरमालकांनी मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे वाचताना कोणालातरी म्हातारा भला वाटायला लागेल. असेल भला. फसवलं मलाच. पैशात फसवलं असतं तर मी एवढा जळलो नसतो. पैशात मला फसवणं कळमन्याच्या बाजारातल्या दलालांनाही जमलेलं नाही, आणि ते लोक काही धर्मशाळा चालवत नाहीत.

मी कूलर बनवतो. पारशिवनीकडच्या खेड्यातून आलो तेव्हा माझ्याजवळ एक सायकल आणि एक पाना होता. भर उन्हात घरोघरी फिरून कूलरचे बंद पडलेले पंप सुरू करून द्यायचो. डोक्यावर कोणाचा हात नव्हता, टोपीही नव्हती. आज पत्रा मी कापतो, बॉडी मी वाकवतो, खसच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्या मी भरतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी जो माणूस झोपू शकतो तो माझ्यासारख्यांच्या जिवावर झोपतो. हे सगळं मी ज्या दुकानात उभं केलं, ते घरमालकांच्या घराखाली होतं. होतं हा शब्द लिहितानाच डोकं फिरतं. ते दुकान मी भांडून घेतलं होतं. भाडं पाडून घेतलं, शटर त्यांच्याकडून बसवून घेतलं, आणि वरून समोरच्या कडुनिंबाखाली पत्रे ठेवायची जागाही मिळवली. रिक्षावाले त्या वळणाला कूलरवाल्याचा कोपरा म्हणतात. महानगरपालिकेने त्याला दुसरंच नाव दिलं आहे, ते कोणाला माहीत नाही.

घरमालकांना मी काका म्हणायचो. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, उंच, वाळका माणूस. काटोलकडे त्यांच्या घरची संत्र्याची बाग होती. वाटण्या झाल्या तेव्हा बाग भावांकडे गेली आणि बागाईतदाराचं डोकं तेवढं काकांच्या वाट्याला आलं. बागेशिवाय नुसतं डोकं घेऊन माणूस काय करतो, ते मी बघितलेलं आहे.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी त्यांना शाल, नारळ आणि चिनी मातीच्या कपात लिंबाएवढं एक कॅक्टस दिलं. काका शाल आणि नारळ विसरले. कॅक्टस विसरले नाहीत. "एवढी वर्षं त्यायच्या रजा मंजूर केल्या मी," ते म्हणायचे, "अन् जाताना मले काटे दिले." मग सूड म्हणून ते कॅक्टस त्यांनी वाढवलं. सूड घ्यायची ही पद्धत मला कधी समजली नाही, पण वाढवलं खरं. मी दुकान घेतलं तेव्हा ते लाल भोपळ्याएवढं झालं होतं. गोल, पिवळ्या काट्यांनी गच्च भरलेलं, गच्चीच्या मधोमध हिरव्या जाळीच्या मांडवाखाली बसलेलं. त्याला काका जावईबापू म्हणायचे. काही करत नाही, काही देत नाही, सगळ्यांनी उठून सरबराई करायची, आणि हात लावला की टोचतो. नाव चुकीचं नव्हतं.

काकांच्या डोक्यात दोन कायदे होते. दोन्ही संत्र्याच्या बागेतले. ते त्यांनी सगळ्या सृष्टीला लावले होते.

पहिला कायदा असा की कोणतीही चांगली वस्तू स्वतःच्या मुळावर उभी राहत नाही. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, आपलं नागपुरी संत्रं स्वतःच्या मुळांवर नसतं. खाली जंबेरी नावाचं आंबट, काटक लिंबू असतं. त्याच्या खोडात संत्र्याचा डोळा भरतात, आणि डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. जमिनीत राबतं जंबेरी, नाव होतं संत्र्याचं. काकांनी जावईबापूंनाही असंच, ते लहान असताना, ड्रॅगन फ्रूटच्या तिधारी खोडावर चढवलं होतं. कॅक्टसचं कलम बांधायला ताणणारी पट्टी लागते, ती ते स्वतःच्या पायजम्यातून काढत. त्यामुळे गच्चीवरची कलमं पक्की असायची आणि काका कायम एका हाताने पायजमा धरून फिरायचे. पाहुणा आला तर नमस्कारही एकाच हाताने.

घरातही तोच कारभार. टीव्ही शिलाई मशीनवर, शिलाई मशीन जुन्या पाळण्याच्या लाकडांवर, आणि देव टीव्हीवर. एकदा त्यांनी माझ्याकडून मोडका कूलर मागून नेला आणि त्याच्या बॉडीवर काकूंचा ओटा बसवला. काकू म्हणाल्या, "पोळी लाटली की सगळं घर वाजते."

मला पाहून मात्र त्यांचा कायदा अडखळायचा. मी कोणावर बांधलेला नव्हतो. ते त्यांना बघवत नसे. एक दिवस खूप वेळ माझ्याकडे बघत बसले, आणि मग त्यांना उलगडा झाल्यासारखं म्हणाले, "तू जंबेरी आहेस गा."

"म्हणजे?"

"पाय पक्के. फळ आंबट. तुह्यावर कोणीतरी चांगलं बसवा लागते."

त्यानंतर त्यांनी पुतण्याला माझ्या धंद्यात घ्यायची गोष्ट काढली. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकूंनी खिडकी लावून घेतली होती.

दुसरा कायदा ताणाचा. बहर धरायचा असला की संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं टाकतं, आता गेलं असं वाटतं, तेव्हा पाणी सोडतात, आणि झाड फुलांनी भरून जातं. याला ताण देणं म्हणतात. काकांचं म्हणणं, ताण दिल्याशिवाय जगात काहीही फुलत नाही. मुलाच्या बारावीच्या वर्षी त्यांनी घरातला पंखा उतरवून ठेवला होता. मुलगा पुण्याला मोठ्या नोकरीत लागला, आणि श्रेय पंख्याला गेलं.

मलाही त्यांनी ताण दिला. एप्रिलमध्ये, ऐन सीझनला, माझ्या दुकानाचा नळ वरून बंद केला. कूलर विकायच्या आधी पाणी भरून चालवून दाखवावा लागतो. गिऱ्हाईक दारात उभं आणि नळाला हवा. मी तसाच वर गेलो.

"काका, पाणी काहून बंद केलं?"

"ताण देऊन राहिलो. धंदा फुलते तुहा."

"माहा धंदा पाण्याचाच आहे, काका."

"मंग जास्त फुलते."

काकू आतून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मले ताण देऊन राहिले हे. मी फुलले का?"

काकांनी त्यांच्याकडे बघून खरोखर विचार केला. "फुलली नाहीस," ते म्हणाले, "पण वाळलीही नाहीस वं. मूळ चांगलं आहे तुह्यं."

तर अशा माणसाशी माझा सौदा झाला. सौदा असा.

हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. काका म्हणाले, "दुकान खाली करा लागते गा. पोरगा मागं लागला. बिल्डर घर मागून राहिला. आमाले पुण्याले चाला म्हणते."

"मी नाही करत खाली."

"कायद्यानं करा लागन."

"मंग कायद्यानंच करा. निकाल लागेपर्यंत तुमचे नातू निवृत्त होतील."

काका हळूच म्हणाले, "मले तरी कुठं जायचं आहे. पण पोराले सांगू काय? जावईबापू अजून फुलले नाही. ते फुलल्याबगर मी जाऊ कसा?" बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. "असं कर. जावईबापू फुलले की तू शटर ओढ, आम्ही पुण्याले जातो. तोवर तू बस. पोरालेही तसंच सांगतो."

मी एका दिवसाची मुदत मागितली आणि तडक कामठी रोडवरच्या एका नर्सरीत गेलो. तिथल्या माणसाला फोटो दाखवला. तो हसला. "कुंडीत? नागपुरात? अन् वरून मांडवात? भाऊ, तुमचे पोरं पेन्शन खातील, हे फुलत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तोंड कडू करून वर गेलो. सौदा आपल्या बाजूचा असला की तोंड कडूच ठेवायचं असतं. "ठीक आहे," मी म्हणालो. "पण जावईबापू मेले तर?"

काकांना तो शब्द लागला. "मेले तर मंग मी पुण्याले कोणत्या तोंडानं जाऊ? इथंच राहतो. तूही राहा."

"जबान?"

"जबान." ते काकूंकडे वळले. "ऐकलं ना वं? तू साक्षीले."

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "दोन बापे अन् एक काटेरी भोपळा. माह्या बापानं मले याच्यासाठी इथं दिलं."

खाली उतरलो तेव्हा मी शीळ घालत होतो. झाड फुललं नाही तर दुकान माझं, मेलं तरी दुकान माझं. इतका एकतर्फी सौदा मी आयुष्यात केला नव्हता. पण काकांच्या दुसऱ्या कायद्याकडे माझं दुर्लक्ष झालं. फेब्रुवारीत ते दुकानात येऊन पत्र्याच्या डब्यावर बसले. एका हातात पायजमा.

"ताण म्हणजे काय गा?"

"पाणी तोडणं."

"ते संत्र्यासाठी. ताण म्हणजे झाडाले जे पाहिजे ते न देणं. आता जावईबापू वाळवंटातले. त्यायले पाणी नाही दिलं, गरम वाऱ्याची लू लागली, तर त्यायले वाटते आपण घरीच आहो. मी इतके वर्षं त्यायले ताण देऊन राहिलो अन् ते मजा करून राहिले." ते पुढे वाकले. "मंग त्यायचा ताण कोणता?"

मी पत्रा कापत राहिलो.

"गारवा," काका म्हणाले. "ओलावा. आराम. मोठा कूलर आहे का तुह्यापाशी?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. कॅक्टसला ओल लागली की ते सडतं, एवढं मला नर्सरीवाल्याने न विचारता सांगितलं होतं. हा माणूस स्वतःच्या हाताने माझं दुकान माझ्या नावावर करायला निघाला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा फुकट माल दिला. लग्नाच्या हॉलमध्ये लावतात तो, सगळ्यात मोठा. नव्या खसच्या ताट्या भरल्या, चार माणसं लावून गच्चीवर चढवला आणि जावईबापूंच्या तोंडासमोर उभा केला. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माह्या पोरानं इतका जीव नाही लावला," ते म्हणाले. मी मान खाली घातली. हसू आवरायला दुसरा उपाय नव्हता.

तो उन्हाळा नागपूरला नेहमी येतो तसाच आला. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आणि गच्चीवर जावईबापू गार वाऱ्यात बसले होते. घरात मात्र कूलर नव्हता, कारण काकांच्या मते घरातल्या माणसांना वेगळा ताण लागू होता. चार-आठ दिवस काकूंनी सहन केलं. मग त्यांनी बाज उचलली आणि गच्चीवर जावईबापूंच्या शेजारी टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. पुढे गल्लीतल्या सगळ्या बायका दुपारी तिथेच. कोणी शेवया वळायला, कोणी तांदूळ निवडायला, कोणी नुसती सुनेची तक्रार करायला. मधोमध जावईबापू. कूलरच्या झोताच्या मार्गात कोणी बसलं की काका ओरडायचे, "सरक वं, त्यायचा ताण अडवून राहिली तू."

मी रोज संध्याकाळी वर जायचो. जावईबापू कुठे मऊ पडले का, ते काठीने दाबून बघायचो. ते मऊ पडत नव्हते. उलट सुजल्यासारखे मोठे झाले आणि जड होऊन एका बाजूला कलले. कलू द्यायला हवं होतं. पण मला वाकडी वस्तू बघवत नाही, तो माझ्या हातांचा दोष आहे. दुकानात पडलेल्या लोखंडी पट्टीची कडी वाकवली, खाली चार पाय जोडले आणि जावईबापूंना त्यात सरळ बसवलं. काकांनी डोळे पुसले. मी स्वतःवर चिडून जेवलो नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा कूलर, पुन्हा बायका. आणि पाऊस यायच्या आधी एका सकाळी, मी अजून शटर वर करत होतो, तेव्हा वरून थाळी वाजवल्याचा आवाज आला. काकू गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "ये वर. फुलले."

मी गेलो. गल्लीतल्या बायका आधीच जमल्या होत्या. काकूंच्या हातात औक्षणाचं ताट होतं, काकांनी दोन्ही हात जोडले होते आणि पायजमा कोपराने दाबून धरला होता. कडीखालून एक लांब हिरवी फांदी निघून कूलरच्या मागे ओलीत पसरली होती, आणि तिच्या टोकाला पांढरंशुभ्र, जेवणाच्या ताटाएवढं फूल होतं. रात्री उमललेलं, आता मिटायच्या बेतात. खोटं बोलत नाही, असं फूल मी पाहिलं नव्हतं.

"शटर ओढ गा," काका म्हणाले. "जावईबापू फुलले."

दुकान गेलं, असं वाटलं. मग मी खाली वाकून फांदी बघितली. ती कुठून निघाली ते बघितलं. आणि उभा राहिलो.

"कोण फुललं, काका?"

"दिसत नाही का?"

"दिसते. जावईबापू तर वर बसले आहेत. त्यायच्या अंगावर कळी नाही. फूल खालच्या खोडाले आलं. ते खोड कोणतं? ड्रॅगन फ्रूटचं. सौदा कोणाचा? जावईबापूंचा."

"एकच झाड आहे."

"एकच?" मी बायकांकडे वळलो. "काका, काटोलच्या बागेत जंबेरीले फुटवा आला, त्याले फळ लागलं, तर तुम्ही संत्रं लागलं म्हणता का?"

काका पायजमा सावरायला लागले.

"काय म्हणता? सगळ्यायसमोर सांगा."

"संत्रं नाही म्हणत," काका म्हणाले.

"मंग काय करता त्या फुटव्याचं?"

एक बाई म्हणाली, "कापत असतीन."

"कापतात," मी म्हणालो. "ठेवला तर वरचं झाड मरते. हे मले कोणी शिकवलं? काकांनी. मले जंबेरी कोणी म्हटलं? काकांनी. कायदा तुमचा आहे, काका. मी नाही केला."

काकू म्हणाल्या, "राहू द्या ना. इतक्या वर्षांनी काही आलं गच्चीवर."

काकांनी कमरेचा कलमाचा चाकू काढला. तो कायम त्यांच्याजवळ असायचा. फुलाकडे ते इतका वेळ बघत राहिले की ते त्यांच्यासमोरच अर्धं मिटलं. कायदा पाळायचा तर आयुष्यात आलेलं एकमेव फूल कापायचं. फूल ठेवायचं तर बागेत शिकलेलं सगळं खोटं म्हणायचं. मी हातांची घडी घालून उभा होतो. सौद्यात समोरचा विचार करत असला की आपण बोलायचं नसतं.

त्यांनी फांदी मुळाशी कापली. फूल काकूंच्या ताटात ठेवलं. "हा बरोबर बोलते," ते म्हणाले. "जंबेरीचा बहर धरत नाहीत. मी हरलो."

मी जिंकलो. दुकान राहिलं. त्या दिवशी मी सगळ्या गल्लीला बालुशाही वाटली.

आणि दिवाळीनंतर काका पुण्याला निघून गेले. कोणी सांगितलं नव्हतं, सौद्यात नव्हतं. जावईबापू फुलायची वाट न बघताच गेले. आटोरिक्षात बसताना त्यांनी गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सौदा तसाच आहे. मुलाले सांगितलं. जावईबापू फुलेपर्यंत दुकान तुह्यं. कूलर काढून घे आता, तो ताण काही कामाचा नाही. काही वाटलं तर फोन कर."

"अन् माहं काय? मी यायले कधी पाणी द्यायचं, कधी नाही?"

"मले काय विचारतो," काका म्हणाले. "दोन वर्षं काठीनं दाबून पाहून राहिला तू. तुले माह्यापेक्षा जास्त माहीत आहे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. काठी कशासाठी होती ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. माझी चौकशी नाही, धंद्याची नाही. "वर ने," म्हणायचे. मी गिऱ्हाईक सोडून जिना चढायचो आणि जावईबापूंसमोर फोन धरून उभा राहायचो. "बरे आहेत का?" काका विचारायचे. मी म्हणायचो, "बरे आहेत." "तुले नाही विचारलं गा," काका म्हणायचे, आणि पुढे कितीतरी वेळ फोनच्या दोन्ही बाजूंना शांतता. एका रविवारी कॉल आला नाही. सोमवारी मुलाचा आला.

मुलगा तेराव्यानंतर नागपूरला आला. सभ्य माणूस. म्हणाला, "बाबांनी शब्द दिला होता, तो आम्ही मोडणार नाही. तुम्ही निश्चिंत राहा. मी चौकशी केली आहे, ते फुलत नाही म्हणे." मीही तेच ऐकलं होतं, असं त्याला म्हणालो. दोघंही हसलो.

त्यानंतर मी फक्त एक गोष्ट केली. खाली नव्या पत्र्यांवर ऊन यायचं म्हणून गच्चीवरची हिरवी जाळी काढून दुकानापुढे बांधली. चांगली जाळी फुकट वर सडत होती. जावईबापू पहिल्यांदा उघड्या उन्हात आले.

पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या डोक्यावर, मधल्या मऊ लोकरीत, पिवळसर बोंडं दिसायला लागली. गोल रांगेत. खालच्या खोडाला नाही. वर. त्यांच्या स्वतःच्या अंगावर.

गच्चीची किल्ली माझ्याजवळ. वर दुसरं कोणी येत नाही. खिशात पक्कड असतेच. बोंडं बोराच्या बियांएवढी होती. खुडून टाकायला बिडी पेटवण्याएवढाही वेळ लागला नसता. मी पक्कड घेऊन वर जायचो. एकदा त्यांच्यावर पडलेला कडुनिंबाचा पाला वेचून परत आलो. एकदा कडीचा एक पाय हलत होता, तो आवळून परत आलो. एकदा नुसता बसलो, आणि खाली गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. बोंडं उघडली. लहान, पिवळी, गुळगुळीत कागदासारखी चमकणारी फुलं. ताटाएवढी वगैरे काही नाही. मी फोटो काढून मुलाला पाठवला.

त्याने लिहिलं, "अरे. मग आता?"

मी लिहिलं, "मग काय. जबान."

बिल्डरच्या कागदांवर सही करायला काकू आल्या होत्या. गच्चीवर आल्या, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "तुह्या काकायले पाहाले भेटलं नाही." मी विचारलं, जावईबापूंना पुण्याला कधी नेता. तर म्हणाल्या, "आमच्या बाल्कनीत नातू खेळते, बाबू. काटे आहेत यायले. तूच ठेव." आणि जिना उतरून गेल्या.

आता माझी स्थिती ऐका. पुढच्या महिन्यात घर पडणार आहे. मी नवीन दुकानं बघतो आहे. परवा मानेवाड्याकडे एक मिळत होतं, हमरस्त्यावर, दुहेरी शटर, मालक गरजू, मी म्हणेन त्या भाड्यावर आला असता. मी त्याला विचारलं, गच्चीवर सकाळचं ऊन येतं का. तो म्हणाला, नाही, बाजूला उंच इमारत आहे. मी उठून आलो. भाड्याचा आकडा विचारला नाही. आयुष्यभर ज्याने आधी आकडा विचारला, तो माणूस गच्ची बघून उठून आला.

काकू, तुम्ही साक्षीला होतात. सौदा दुकानाचा होता. झाडाचा नव्हता, उन्हाचा नव्हता, रविवारचा नव्हता. मी नफ्यात होतो, दोन्ही बाजूंनी नफ्यात होतो, आणि तरी दुकान माझ्याच हाताने गेलं आणि तुमचे जावई माझ्या गळ्यात पडले. हे काकांनी कधी केलं, कोणत्या दिवशी केलं, ते तुम्ही बघितलं असणार, कारण तुम्ही कायम तिथेच शेंगा सोलत बसलेल्या असायचात. ते नाहीत, म्हणून मी तुम्हाला विचारतो. फोनवर नको, रडून नको. इथे या आणि समोर उभं राहून जबाब द्या. तो मिळाल्याशिवाय मी शटर ओढणार नाही.